‘सदनिका जोडा’ म्हणजे नेमके काय करा?

प्रश्न असा आहे. मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी एक मोबाइल ॲप तयार होते आहे. त्याच्या मूळ इंग्रजी पडद्यांवर ॲड, अटॅच, लिंक, कनेक्ट, जॉइन, कम्बाइन आणि मर्ज अशी सात निरनिराळी बटणे आहेत. यंत्राकडून मराठी करून घेतल्यावर सातही बटणांवर ‘जोडा’ आले. ‘जोडणे’ला मराठीत एवढे अर्थ आहेतच, मग तसेच ठेवले तर चालेल का, की प्रत्येकाला वेगळा शब्द शोधायचा?

तसेच ठेवू नका. अटॅच आणि कनेक्टसाठी ‘जोडा’ बरोबर आहे. लिंकसाठी चालेल, पण कशाला काय जोडायचे ते बटणावरच लिहावे लागेल. उरलेल्या चार ठिकाणी तो चूक आहे. त्यातही मर्जच्या जागी तो घातक आहे, कारण तिथे एक बोट चुकले तर संस्थेचा हिशोब बिघडतो.

सगळ्यात आधी ‘सदनिका जोडा’ हे बटण घ्या. मुंबईच्या घरबाजारात ‘जोडी फ्लॅट’ हा रुळलेला शब्द आहे. एका मजल्यावरची लागून असलेली दोन घरे एकाच कुटुंबाने घेतलेली असतात, बऱ्याचदा मधली भिंत उघडून आतला वावर एक केलेला असतो. कागदावर मात्र ती दोनच असतात. करारनामे दोन, भागप्रमाणपत्रे दोन, देखभाल खर्चाची बिले दोन. कित्येकदा एक घर नवऱ्याच्या नावावर आणि दुसरे बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर असते. कागदोपत्री त्यांची एक सदनिका करायची तर नकाशातल्या बदलाला महापालिकेची मंजुरी लागते आणि संस्थेच्या दप्तरातही बदल करावा लागतो. अशा घरातल्या माणसाला ‘सदनिका जोडा’ दिसले तर त्याला वाटेल, दोन घरांचे एक करण्याचा अर्ज इथून करता येतो. ॲप बनवणाऱ्याच्या मनात होते ते इतकेच, की माझ्या लॉगिनमध्ये दुसऱ्या घराचा क्रमांकही दिसू दे. तिसरा कोणी समजेल, सदनिकेला पार्किंगची जागा किंवा वीजमीटर जोडायचा आहे. आणि व्यवस्थापकाच्या पडद्यावर मर्जसाठीही हेच शब्द असतील, तर तो दोन सदनिकांची खतावणी, म्हणजे हिशोबाची खाती, एक करून बसेल. ३०१ ची थकबाकी ३०२ च्या बिलात उमटेल आणि लेखापरीक्षणाच्या वेळी ती वेगळी काढताना नाकी नऊ येतील.

एका बटणाचे असे चार अर्थ निघतात. या चौघांसाठी मराठीत शब्द तयारच आहेत: सदनिका नोंदवा, सदनिकेला पार्किंग जोडा, एकत्रीकरणासाठी अर्ज करा, दोन्ही खाती एकत्र करा. हे शब्द कसे निवडायचे, ते आता सांगतो. पाठ करण्याचे कारण नाही, तीन गोष्टी विचारल्या की शब्द आपोआप पुढे येतो.

पहिली गोष्ट: जोडून झाल्यावर किती उरतात?

‘जोडणे’ या क्रियेत जोडलेल्या वस्तू आपापल्या जागी, आपापल्या नावाने राहतात. बारा डब्यांच्या लोकलला तीन डबे जोडले की पंधरा डब्यांची लोकल होते, पण डबे मोजता येतात आणि उद्या तेच तीन काढताही येतात. माहीमच्या कॉजवेने १८४५ मध्ये माहीम आणि वांद्रे जोडले गेले. दोन्ही गावे जागच्या जागी राहिली, मधली खाडीही राहिली. त्याच मुंबईत वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधले समुद्राचे खिंडार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने बुजवले, मग आतल्या सखल जमिनीत भराव पडत गेला आणि बेटे वेगळी ओळखू येईनाशी झाली. पुस्तकात ‘सात बेटे जोडून मुंबई झाली’ असे लिहितात ते सोयीचे आहे, पण दुसऱ्या प्रकाराला नेमका शब्द ‘भर घालणे’ हाच. तो शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातही रुजला आहे: माहितीत भर घालणे, यादीत भर घालणे. तुमच्या ॲडसाठी हा पहिला उमेदवार.

बँकांचे उदाहरण आणखी स्वच्छ आहे. मुंबईत मुख्यालय असलेली देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँकेसह बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. दोन नावे गेली आणि एक जुने नाव उरले. याला कोणी ‘देना बँक जोडली’ म्हणणार नाही. विलीन होणे म्हणजे एकाचे नाव पुसले जाणे. म्हणूनच पक्षांची युती झाली तर कार्यकर्ते निर्धास्त असतात आणि विलीनीकरणाची नुसती कुणकुण लागली तरी अस्वस्थ होतात. युतीत चिन्हे दोन राहतात.

जिथे दोन्हींची जुनी ओळख जाऊन एकच नवी वस्तू होते तिथे ‘एकत्र करणे’, आणि कायद्याच्या भाषेत ‘एकत्रीकरण’. शेतजमिनीच्या संदर्भात आपण ज्याला तुकडेबंदी-तुकडेजोड म्हणतो, त्या मुंबई प्रांताच्या १९४७ च्या कायद्याच्या मराठी नावात ‘एकत्रीकरण’ आहे. लोकांनी बोलताना ‘तुकडेजोड’ केले. तो शब्द सुरेख आहे, पण तिथे ‘तुकडे’ आधी असल्यामुळे अर्थ पक्का होतो. नुसत्या ‘जोड’वर तो पेलला नसता. आणि जिथे मोठ्या गोष्टीच्या पोटात लहान गोष्ट जाते पण आपले नाव टिकवते, तिथे ‘समावेश’. १९५७ मध्ये महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. ही गावे हद्दीत समाविष्ट झाली, विलीन झाली नाहीत. दहिसर आजही दहिसरच आहे.

दुसरी गोष्ट: उलट क्रिया कोणती?

शब्द बरोबर निवडला आहे की नाही याची झटपट परीक्षा म्हणजे त्याच्या विरुद्धचा शब्द बोलून पाहायचा. ॲपमध्ये तर ही परीक्षा टाळताच येत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक बटणाला उलटे बटण असतेच. जोडलेली फाइल काढतात. बांधलेली गाठ सोडतात. यादीत घातलेले नाव वगळतात. बेरजेतली रक्कम वजा करतात. गटात सामील झालेला बाहेर पडतो. मिसळलेले मात्र कोणी काढू शकत नाही, फार तर निवडत बसतो. विलीन झालेल्याला तर साधा उलटा शब्दच नाही. ‘वेगळे करा’ असे बटण लिहिता येते, पण आतली नोंद तशी फिरवता येत नसेल तर ते बटण खोटे ठरेल.

इथे मुंबईकरांच्या कानाचा एक विशेष लक्षात ठेवा. ‘जोडणी’ची सरळ उलट क्रिया ‘तोडणे’ आहे, आणि ती आपल्याकडे शिक्षा म्हणूनच ऐकू येते. बिल थकले म्हणून जलजोडणी तोडली, वीजजोडणी तोडली. म्हणून ब्लूटूथवरून गेटचे यंत्र सुटे करायच्या बटणावर ‘जोडणी तोडा’ लिहू नका. वयस्कर सभासद ते दाबणारच नाहीत, आपल्या हातून काहीतरी कायमचे तुटेल असे त्यांना वाटेल. ‘जोडणी बंद करा’ पुरे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: ‘जोडणे’च्या आधी कोणता प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय येते?

मराठीत अर्थाचे निम्मे ओझे त्यावरच असते. ‘ला’ आला की एक वस्तू मुख्य आणि दुसरी तिला लागलेली: अर्जाला छायाचित्र जोडा, गाडीला डबा जोडा. ‘शी’ आला की दोन्ही बरोबरीच्या: मोबाइल क्रमांक खात्याशी जोडा, उपनगर शहराशी जोडले. बोलताना ‘आधारला जोडा’ आणि ‘आधारशी जोडा’ दोन्ही ऐकू येते आणि दोन्ही समजते. तरी एका ॲपमध्ये एकच ठेवा. ‘सोबत’ आला की कागदपत्रे: पत्रासोबत प्रत जोडली आहे. सरकारी पत्राच्या शेवटी ‘सोबत : वरीलप्रमाणे’ असते त्यात तर ‘जोडणे’ गळूनच गेले, ‘सोबत’वर काम भागले. ‘ने’ आला की जोडणारे साधन: पुलाने जोडले, वायरने जोडले.

आणि काहीच आले नाही तर? नुसते कर्म आणि ‘जोडणे’ असे आले की अर्थ ‘मिळवणे, कमावणे’कडे झुकतो. आयुष्यभर माणसे जोडली. चार पैसे जोडले. पुण्य जोडले. तुकोबांच्या ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारे’मधले जोडणे हेच, तिथे कशाला काही चिकटवलेले नाही. हा अर्थ जुना आहे आणि जिवंत आहे. म्हणूनच ‘सभासद जोडा’ हे बटण व्यवस्थापकाच्या पडद्यावर विचित्र दिसते. वाचणाऱ्याला वाटते, संस्थेला नवे सभासद मिळवून आणायचे आहेत, एखाद्या पक्षाच्या सभासद नोंदणी मोहिमेसारखे. गृहनिर्माण संस्थेत सभासद करून घेण्याचा निर्णय समिती ठरावाने घेते, ॲप फक्त नोंद ठेवते. तिथे ‘सभासदाची नोंद करा’ हेच खरे.

नामातही हीच गंमत आहे. ‘जोड’ म्हणजे सांधलेली जागा, आणि ‘जोड’ म्हणजे पाठबळही. नळाचा जोड गळतो, पण अनुभवाला अभ्यासाची जोड मिळते. शेतीला जोडधंदा असतो. चहाच्या जोडीला खारी असते. रस्त्याच्या बाबतीत लिंकचे ‘जोडरस्ता’ झाले, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता. समुद्रावरून जाणाऱ्या लिंकला मात्र लोकांच्या आणि सरकारच्याही तोंडी ‘सागरी सेतू’ बसले. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ पासून आहे. इंग्रजीत शब्द एक म्हणून मराठीतही एकच हवा, हा हट्ट सोडला की असे चांगले शब्द मिळतात.

‘जोडा’ हे आज्ञार्थी रूप आणि ‘जोडा’ हे नाम सारखेच लिहिले जाते, हेही विसरू नका. जोडा म्हणजे नवराबायको, लक्ष्मीनारायणाचा जोडा. जोडा म्हणजे पायातलाही. अनेकवचनात फरक पडतो: जोडी-जोड्या, जोडा-जोडे. परीक्षेत आपण ‘जोड्या लावा’ सोडवले आहे, ‘जोडे लावा’ नाही. कुठेही यादीच्या शीर्षकात ‘जोडे’ आले तर यंत्राने पेअर्सचे भाषांतर केले आहे असे समजून ताबडतोब बदला.

आता जॉइन. ‘आमच्याशी जुडा’, ‘व्हॉट्सॲप ग्रुपला जुडा’ अशा पाट्या मुंबईत पावलोपावली दिसतात. ही हिंदीची सरळ उचल आहे. मराठीत ‘जुडणे’ हे क्रियापद चालत नाही. आपल्याकडे कोथिंबिरीची जुडी आहे आणि किल्ल्यांचा जुडगा आहे, पण माणूस जुडत नाही. माणूस गटात सामील होतो, सभेत सहभागी होतो, संस्थेचा सभासद होतो, नोकरीवर रुजू होतो, मिरवणुकीत मिसळतो. तुमच्या ॲपमध्ये जॉइन तीन ठिकाणी असणार. ऑनलाइन सर्वसाधारण सभेसाठी ‘सभेत सहभागी व्हा’. इमारतीच्या चर्चागटासाठी ‘गटात सामील व्हा’. नवा सुरक्षारक्षक किंवा सफाई कर्मचारी कामावर आल्याच्या नोंदीत ‘रुजू दिनांक’. तिन्ही शब्द दहावी शिकलेल्या कोणालाही कळतात.

‘जुळणे’ हे वेगळे. पत्रिका जुळते, सूर जुळतात, मन जुळते. इथे वस्तू एकमेकींना चिकटत नाहीत, एकमेकींशी बरोबर बसतात. मॅचसाठी हाच शब्द: ‘ओटीपी जुळत नाही’. हिशोबात मात्र ‘मेळ’ वापरा. बँकेचे पासबुक आणि संस्थेची रोकडवही यांचा ‘ताळमेळ’ घ्यायचा असतो. त्या बटणावर ‘जुळवा’ लिहिले तर खजिनदाराला वाटेल, फरक असला तरी आकडे जुळवून टाका. हा शब्द नको तो सल्ला देऊन जातो.

स्वयंपाकघराचा तुमच्या ॲपशी संबंध नाही, तरी यंत्राची सवय कळावी म्हणून सांगतो. यंत्राच्या पाककृतीत ‘चवीनुसार मीठ जोडा’ असते. मराठी घरात मीठ घालतात, कुठे टाकतात, जोडत कधीच नाहीत. एकत्र करण्याचे शब्द तर इथे इतके बारीक आहेत की हाताची हालचालही त्यात दिसते. कणीक मळतात, भात कालवतात, ताक घुसळतात, आमटी ढवळतात, चिवड्यात दाणे मिसळतात, अंडे फेटतात. ‘कालवणे’ म्हणजे ओल्याशी कोरडे हाताने एक करणे. त्यावरून भाताशी खायच्या रश्शाला कालवण हे नाव पडले. गवंडीही वाळू-सिमेंट पाण्यात कालवतो आणि त्याला माल म्हणतो. कालवलेले पुन्हा सुटे होत नाही, म्हणून हा शब्द जोडण्यापासून फार लांब आहे. सगळ्या घटकांचा वेगळेपणा संपला की ‘एकजीव’. यंत्राला यातले काही ठाऊक नसते, ते ॲड दिसले की ‘जोडा’ म्हणते. बटण तपासताना ‘इथे मीठ जोडलेय का?’ एवढे स्वतःला विचारले तरी निम्म्या चुका सापडतील.

सांधा आणि जोड यांतही भेद आहे, आणि तो देखभालीच्या तक्रारींच्या यादीत उपयोगी पडेल. सांधा म्हणजे जिथे दोन भाग मिळतात आणि जिथे हालचाल किंवा फट येऊ शकते ती जागा: गुडघ्याचा सांधा, रुळांचा सांधा, दोन लाद्यांमधला सांधा. म्हणून गच्चीच्या गळतीच्या तक्रारीत ‘सांध्यातून गळती’ बरोबर. नळाच्या बाबतीत प्लंबर ‘जॉइंट’ म्हणतो आणि सभासदही तेच म्हणतात, तेव्हा यादीत ‘पाइपचा जॉइंट गळतो’ असेच ठेवा. अशा जागी शुद्ध शब्द शोधत बसलात तर तक्रार चुकीच्या माणसाकडे जाईल. धातूचे तुकडे झाळतात किंवा वेल्डिंग करतात, कापडाला जोड देतात किंवा ठिगळ लावतात, तुटलेले सांधतात. ‘जोडा’ यातल्या कशाचीही जागा नीट घेत नाही.

पुढे कंपाउंड हा शब्दही येईल, त्याची तयारी आत्ताच करून ठेवा. इमारतीभोवतीचे कंपाउंड म्हणजे आवार. व्याजाचे कंपाउंड म्हणजे चक्रवाढ. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, थकबाकीवर सरळ व्याज आहे, तेव्हा बिलाच्या पडद्यावर चक्रवाढ शब्द येताच कामा नये. गुन्ह्याचे कंपाउंडिंग म्हणजे तडजोड, म्हणूनच वाहतूक पोलिसांच्या चलनावर तडजोड रक्कम असते. रसायनात ते संयुग, व्याकरणात शब्द असेल तर सामासिक आणि वाक्य असेल तर संयुक्त. जॉइंट अकाउंट हेही संयुक्त खाते, जोडखाते नव्हे. आणि असोसिएट मेंबरला सहकार कायद्याच्या मराठीत सहयोगी सदस्य हा ठरलेला शब्द आहे, तिथे आपली कल्पकता चालवायची नाही.

शब्द ठरल्यावर खरी अडचण पुढे येते, ती प्रोग्रामरच्या जोडण्यातून. ॲपमध्ये वाक्ये तुकड्यांनी बनतात. नाव एका ठिकाणाहून येते, ‘ला जोडा’ दुसऱ्या ठिकाणाहून, आणि पडद्यावर ‘पार्किंग जागा ला जोडा’ उमटते. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून लिहितात आणि त्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते: जागा-जागेला, सदनिका-सदनिकेला, खाते-खात्याशी, वाहन-वाहनाला. बाहेरून येणाऱ्या नावाचे सामान्यरूप करणे प्रोग्रामला जमत नाही. यावर हमखास उपाय असा: बदलणाऱ्या नावानंतर ‘या’ घालून एक ठरीव नाम ठेवा आणि प्रत्यय त्याला लावा. ‘ए-३०२ या सदनिकेला जोडा’, ‘पी-१७ या जागेशी जोडले’. नाव कोणतेही आले तरी वाक्य बिघडत नाही. जागा कमी असेल तर सरळ विसर्गचिन्हासारखे दोन टिंब द्या: ‘सदनिका: ए-३०२’. हे जास्त चांगले दिसते आणि भाषांतरही स्वस्तात होते.

दुसरी अडचण लिंगवचनाची. इंग्रजीत ‘जोडले’ला एकच रूप आहे. आपल्याकडे अर्ज जोडला, फाइल जोडली, प्रमाणपत्र जोडले, फायली जोडल्या. प्रोग्रामरने एकच रूप धरले तर निम्म्या सूचना अशुद्ध होतील. रूपे चार लिहून देणे शक्य असेल तर द्या. नसेल तर क्रियापदच टाळा: ‘जोडलेली कागदपत्रे: ३’. ‘फाइल यशस्वीरीत्या जोडली गेली आहे’ हे तर कुठेच नको, ‘फाइल जोडली’ पुरे.

जोडून लिहायचे की सुटे, यातही गडबड असते. वीजजोडणी, नळजोडणी, जोडरस्ता, जोडपत्र हे एकेक शब्द, जोडून लिहा. ‘हात जोडून’ मात्र सुटे. ‘अर्जा सोबत’ चूक, ‘अर्जासोबत’ बरोबर. जोडाक्षरांत दोन चुका मराठी ॲपमध्ये हमखास सापडतात. एक ‘पध्दत’. आधी द, मग हलन्त, मग ध असा क्रम हवा, ‘पद्धत’. दुसरी ‘पदाधिकार्यांची यादी’. इथे रफार चूक आहे, ‘पदाधिकाऱ्यांची’ हवे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की ऱ मिळतो, त्यापुढे हलन्त आणि य. फरक दिसायला बारीक असला तरी दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे खोरी, इतका तो मोठा आहे.

तर तुमची सात बटणे अशी ठेवा. ॲडला एकच शब्द नको: यादीत नाव ‘घाला’, सदनिका आणि वाहन ‘नोंदवा’, बिलात रक्कम ‘मिळवा’. अटॅचला ‘फाइल जोडा’, उलट ‘काढा’. कनेक्टला ‘यंत्र जोडा’, उलट ‘जोडणी बंद करा’. लिंकला ‘खात्याशी जोडा’, आणि सरकारी कागदांत जिथे आधीच ‘संलग्न’ रूढ आहे तिथे तोच. जॉइनचे तीन शब्द वर दिलेच आहेत. कम्बाइन हे तुमच्याकडे दोन बिले एका पावतीत दाखवण्यासाठी असेल, तर ‘एकत्र दाखवा’ लिहा, म्हणजे आत काही बदलत नाही हे कळेल. मर्जला ‘खाती एकत्र करा’, आणि ते दाबल्यावर लगेच काम न होता हा मजकूर दिसू द्या: ‘३०१ आणि ३०२ या सदनिकांची खाती एकत्र होतील. ३०१ चे स्वतंत्र खाते राहणार नाही, त्याची थकबाकी ३०२ च्या खात्यात दिसेल. हे नंतर उलटवता येणार नाही.’ त्याखाली ‘होय’ आणि ‘नाही’ नकोत. एका बटणावर ‘एकत्र करा’ आणि दुसऱ्यावर ‘वेगळीच ठेवा’ लिहा.